दरबारीची शेपटी

"अश्व म्हणजे नुसतं जनावर नव्हे," हिंमतराव म्हणाले. "अश्व हे शौर्याचं, वैभवाचं आणि राजमान्यतेचं जिवंत प्रतीक आहे."

हे वाक्य पूर्ण होईपर्यंत प्रतीकाच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत माश्यांची पंगत बसली होती आणि पोटाखाली दोन-तीन गोमाश्या चिकटल्या होत्या. प्रतीकानं आपली काळीभोर, जवळजवळ जमिनीला टेकणारी शेपटी एकदा जोरात फिरवली. गोमाश्या उडाल्या. शेपटी परत येताना वाटेत हिंमतरावांचा पटका आला. तोही उडाला.

"पाह्य बे रसूल!" पटका उचलून झटकत हिंमतराव म्हणाले. "ह्याच्यासाठीच कापाची आहे ते."

हिंमतराव गंभीर असले की छापील बोलत आणि चिडले की घरचं. चिंचखेडच्या लोकांना दोन्ही भाषा येत, पण कामं घरच्या भाषेतच होतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुलाम रसूल सईसानं हातातली कात्री या हातातून त्या हातात घेतली. कात्री मेंढ्यांची लोकर कापायची होती, धनगराकडून मागून आणलेली.

"मालक, भादवा आहे जी," तो म्हणाला. "माश्याईचे दिवस. दिवाळी होऊ द्या. थंडी पडली का कापतो."

"साहेब काय दिवाळीले येऊन राह्यले? साहेब दसऱ्याच्या आंदी येऊन राह्यले."

गुलाम रसूलनं कात्री परत पहिल्या हातात घेतली.

त्या काळात वऱ्हाड कागदावर निजामाचं होतं, कारभार नागपूरहून चाले आणि हुकूम बुलढाण्याहून सुटत. माश्या तेवढ्या स्वतंत्र होत्या. बुलढाण्याचे डिप्टी कमिशनर साहेब दौऱ्यावर निघणार होते, मेहकरला मुक्काम करणार होते आणि तिथून चिंचखेडला येऊन हिंमतरावांनी स्वखर्चानं बांधलेला गुरांच्या पाण्याचा हौद खुला करणार होते. हौदाच्या पाठोपाठ रावसाहेबी येईल असा हिंमतरावांचा हिशेब होता. ते मेहकरात आनरेरी मॅजिस्ट्रेट होते. दर आठवड्याला तिथं जाऊन भांडखोर शेजाऱ्यांना समज देत आणि संध्याकाळी परत येत. जायला-यायला घोडा होता. तो त्यांनी देऊळगावराजाच्या बाजारातून आणला आणि पुढेमागे दरबारात खुर्ची मिळेल या भरवशावर त्याचं नाव दरबारी ठेवलं. खुर्ची अजून यायची होती. नाव आधी आलं होतं.

शेपटीची कल्पना त्यांच्या मेहुण्याची. अर्जुनराव नागपूरच्या कॉलेजात दोन वर्षं काढून आले होते. पदवी आणली नव्हती, पण इंग्रजी मासिकातलं एक चित्र आणलं होतं. चित्रात एक गोरा साहेब घोड्यावर बसला होता आणि घोड्याची शेपटी बुडापासून छाटलेली होती.

"विलायतेत लांब शेपटीचा घोडा गाडीवाले ठेवतात, भाऊजी," अर्जुनराव म्हणाले होते. "साहेबानं तुमचा घोडा पाह्यला तं तुमच्याबद्दल काय मत करन?"

साहेब आपल्याबद्दल काही मत करील, ही शक्यताच हिंमतरावांना इतकी सुखद वाटली की त्यांनी होकार दिला.

गुलाम रसूलला शब्द कमी येत होते असं नाही. पागेत तो घोड्याशी दिवसभर बोलत असे. पण मालकांसमोर 'हाव जी' एवढ्यावर त्याचं भागे, आणि तीस वर्षं भागलं होतं. त्याचा बाप हिंगोलीच्या रिसाल्यात गवत कापायला होता. घरी मात्र तो रिसालदार असल्याचंच सांगे. त्या रिसालदारानं मुलाला शिकवलेल्या गोष्टींपैकी निम्म्या खऱ्या होत्या. कोणत्या निम्म्या, ते सांगायच्या आधीच तो वारला.

"हाव जी," गुलाम रसूल म्हणाला.

दरबारीनं काही त्रास दिला नाही. या माणसानं आजवर त्याला खरारा केला होता, तोबरा बांधला होता, नाल ठोकताना पाय धरून ठेवला होता. हाही त्यातलाच एखादा प्रकार असेल असं समजून तो शांत उभा राहिला. कात्री बोथट होती. केस एकेक पेड करून कापावे लागले. शेवटी बोंडकासारखं जे काही उरलं, ते दरबारीनं सवयीनं हलवून पाहिलं. हललं. पण कुणीच उडालं नाही. त्यानं मान वळवून मागं पाहिलं, मग गुलाम रसूलकडे पाहिलं.

"पाहू नोको माह्याकडे," गुलाम रसूल हळूच म्हणाला. "तिकडे पाह्य."

केस फेकून द्यायला हिंमतराव काही उधळे नव्हते. त्यांनी ते धुऊन, विंचरून सोनाराकडे पाठवले आणि चांदीच्या मुठीची एक चवरी करवून घेतली. साहेब हौद खुला करायला उभे राहतील तेव्हा मागं उभं राहून एकानं ती हलवायची, म्हणजे साहेबांच्या अंगावर माशी बसणार नाही. यात काटकसरही होती आणि राजनिष्ठाही. चवरी लाल फडक्यात गुंडाळून हिंमतरावांच्या खोलीतल्या पेटीत गेली.

दुसऱ्या दिवसापासून माश्यांना बातमी लागली.

गावातली सगळीच जनावरं माश्यांनी हैराण होती. पण बैलाला शेपूट होतं, म्हशीला चिखल होता, गाढवाला नशिबाची सवय होती. दरबारीला काहीच नव्हतं. दिवसा गोमाश्या मांड्यांवर, पोटाखाली, जिथं तोंड पोचत नाही तिथं बसत आणि उठल्या की मागं रक्ताचा थेंब ठेवून जात. संध्याकाळी त्यांची पाळी संपे आणि मच्छरांची सुरू होई. मच्छर येत ते पागेच्या मागच्या हौदातून. हौद खुला व्हायचा होता, म्हणून एकाही जनावराला त्याला तोंड लावायची परवानगी नव्हती. पण पावसाला कुणी मनाई केली नव्हती. हौद काठोकाठ भरला, हिरवा झाला आणि त्यात वळवळणारी पिल्लं दिसू लागली.

"हौद रिता करू का जी?" गुलाम रसूलनं विचारलं.

"उद्घाटनाच्या आधी?" हिंमतराव छापील झाले. "पहिलं पाणी साहेबांच्या हस्ते सुटायचं आहे."

"पह्यलं तं पावसानं सोडलं जी."

"त्याले कोण बलावलं होतं बे?"

गुलाम रसूलनं बापाचे उपाय काढले. पहिला उपाय धुरीचा. पागेच्या तोंडाशी गोवऱ्या पेटवून वर कडूनिंबाचा ओला पाला टाकायचा. धूर झाला. मच्छर पागेतून निघाले आणि हिंमतरावांच्या घरात गेले. त्यांच्यामागून धूरही गेला. हिंमतरावांच्या बायको अन्नपूर्णाबाई तोंडाला पदर लावून पागेच्या दाराशी आल्या.

"काय हो रसूलभाऊ, मच्छर घोड्याले चावते आन् खोकला मले होऊन राह्यला! काल तुमच्या मालकानं धुरातच जेवण केलं. वरणात माशी हाये का जिरं, तेही दिसे ना."

"बाई, आठ-पंधरा दिस सोसा. लेकरू हैराण झालं."

"लेकरू!" अन्नपूर्णाबाईंनी दरबारीकडे पाहिलं. त्याचं बोंडूक सारखं हलत होतं. हात तुटलेला माणूस खांद्यानंच रामराम करतो, तसं. त्या खोकत घरात गेल्या. धुरी चालू राहिली, पण घोडाही खोकायला लागला, तेव्हा गुलाम रसूलनंच ती बंद केली.

दुसरा उपाय करंजाच्या तेलाचा. त्यानं दरबारीला कानापासून खुरापर्यंत तेल चोपडलं. माश्या दूर राहिल्या. त्याच दिवशी हिंमतराव त्याच्यावर बसून मेहकरला गेले आणि बेंचवर बसेपर्यंत त्यांचं पांढरं धोतर मांडीपर्यंत पिवळं झालं. फिर्यादी आणि आरोपी आपलं भांडण विसरून एकत्र हसले. हिंमतरावांच्या कारकिर्दीतला आपखुशीनं मिटलेला तो पहिला तंटा.

"हा घोडा आहे का पणती बे?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

तेल बंद झालं. मग गुलाम रसूलनं गोणपाटाची झूल शिवली. ती पाठीला पुरली, पण पाय उघडेच राहिले आणि गोमाश्यांना पायच आवडत. तेव्हा त्यानं आपला एक पायजमा काढला.

"ये क्या कररै?" अमीरबीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारलं.

"तू सुई-धागा ला."

"तुम्हारे पास दोच पजामे. एक घोडेकू पिनाव, दुसरा पिछले पाँवकू लगेंगा. फिर तुम क्या लंगोट में फिरोगे?"

"शिव ना ग."

अमीरबीला मूलबाळ नव्हतं. दरबारीला ती सौत म्हणायची. सौत नर असला म्हणून काय झालं, नवरा तर तिच्याकडेच राहतो, असं तिचं म्हणणं. पण तिनं शिवलं. पायजम्याचे दोन्ही पाय मधोमध कापून, नाड्या लावून दोन पुढं आणि दोन मागं असे चार नीट तुकडे केले. सकाळी दरबारी पायजमा घालून नदीवर पाणी प्यायला निघाला.

गावानं काम सोडलं.

"काऊन रसूलभाई, घोड्याचं लगीन आहे का?"

"नाई बाप्पा, सुंता झाली असन!"

"अबे, साहेबाचा घोडा बिन-शेपटीचा, मालकाचा घोडा पायजम्याचा. आता आपले बैल धोतर मागतीन!"

गुलाम रसूल खाली मान घालून चालला. दरबारी मात्र गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा पाय न आपटता चालत होता. नदीच्या काठावर तो चारही पाय स्थिर ठेवून उभा राहिला आणि सावकाश, पोटभर प्याला. गुलाम रसूलला हसणाऱ्यांचा रागही आला नाही. इतकं समाधान त्याला लग्नातही झालं नव्हतं, असं अमीरबी पुढं सांगायची.

ते समाधान दुपारपर्यंत टिकलं. दुपारी गावातले चार प्रतिष्ठित लोक हिंमतरावांच्या ओसरीवर बसले. दसरा जवळ आला होता. दसऱ्याला दरबारीची पूजा व्हायची, मग हिंमतराव त्याच्यावर बसून सीमोल्लंघनाला जायचे. अशा पूजेच्या घोड्याला पायजमा शोभतो का, हा प्रश्न निघाला. कुणाचं कुणाशी वैर नव्हतं. गुलाम रसूलच्या हातचं पान सगळे खात. पण प्रश्न निघाला की त्याचं उत्तर द्यावं लागतं.

"मंग धोतर नेसवा," एकजण म्हणाला.

कुणी हसलं नाही. हिंमतरावांनी थोडा विचार केला आणि घरातून आपलं एक जुनं धोतर मागवलं. ज्यावर करंजाच्या तेलाचे डाग होते, तेच. दरबारीला ते नेसवण्यात आलं. ओसरी ते पिंपळ एवढं अंतर त्यानं धोतरात चालून पाहिलं आणि मधेच ते पायांत अडकून गुडघ्यांवर आला. ओसरीवरच्यांना धर्म आणि घोडा या दोन्हींचा मान राखल्याचं समाधान मिळालं, आणि घोड्यानं काहीच घालू नये असं सर्वानुमते ठरलं.

गुलाम रसूलनं गुडघे धुतले, हळद लावली. जखमांवर लगेच माश्या आल्या.

"हाकलतो, हाकलतो," तो दरबारीला म्हणाला आणि खांद्यावरचा दुपट्टा हलवत बसला. दुपट्टा हलला की त्या उडत आणि थांबला की बसत. माश्यांना घाई नव्हती.

दसऱ्याच्या आधी साहेब आले नाहीत. तहसीलीतून निरोप आला की साहेब तापानं आजारी आहेत. बुलढाण्यासारख्या थंड हवेच्या जागी, जाळीच्या मच्छरदाणीत निजूनही त्यांना मच्छर चावलाच होता.

"बापा रे!" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "त्याईले पण चावते?"

हिंमतरावांनी साहेबांच्या प्रकृतीसाठी मारुतीला अभिषेक केला. घोड्यासाठी वेगळा करायची गरज त्यांना वाटली नाही.

दसऱ्याला दरबारीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, कपाळाला कुंकू लावलं आणि बोंडकावर, ते फारच उघडं दिसतं म्हणून, आपट्याची डहाळी बांधली. सगळं गाव वेशीबाहेर निघालं. पुढं डफडं, मागं हिंमतराव. वेशीपाशी दरबारीची मागची तंगडी एकदम लुळी पडली. तो कमरेतून एका बाजूला कलला, सावरला, परत कलला. हिंमतराव खाली उतरले. स्वेच्छेनं नव्हे.

"दारू पाजली का बे ह्याले?" धूळ झटकत ते ओरडले.

गुलाम रसूलनं दरबारीच्या कानामागं हात लावला. कान भाजत होता. खालचा ओठ ओढून पाहिला तर हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. पोटाखाली हात फिरवला तर हाताला काहीतरी मऊ, पाणी भरलेलं लागलं. बापानं याबद्दल काहीतरी सांगितलं होतं. काय, ते त्याला आठवेना. बहुतेक ते खऱ्या निम्म्यातलं असावं.

चिखलीहून गुरांचे डॉक्टर आले. तरुण होते, चष्मा होता, घोड्यापेक्षा तेच थकलेले दिसत होते. त्यांनी दरबारीच्या कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, घेऊन गेले आणि काही दिवसांनी परत आले.

"सर्रा आहे," ते म्हणाले. "रक्तात किडे झालेत. आज ताप उतरलेला दिसेल, परवा चढेल. पाय असेच जात राहतील."

"औषद?" गुलाम रसूलनं विचारलं.

"निघालंय म्हणतात. कलकत्त्याला."

"इकडे कधी येईन जी?"

"आधी नागपूरला यायला हवं."

"मंग हे झालं कायनं?"

"गोमाश्यांनी. आजारी जनावराला चावलेली माशी याला चावली." डॉक्टरांनी हात धुतले. "आता एकच सांगतो. याच्यावर माश्या बसू देऊ नका. इथून उठून त्या दुसऱ्या घोड्यावर जातील." मग त्यांची नजर मागं गेली. "याच्या शेपटीला काय झालं?"

हिंमतराव हौदाकडे पाहत होते.

"फॅशन," अर्जुनराव शेवटी म्हणाले.

"अच्छा," डॉक्टर म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

डॉक्टर गेल्यावर गुलाम रसूल ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. हिंमतराव सुपारी कातरत होते.

"मालक, ते चवरी द्या जी."

"कोणती चवरी?"

"पेटीतली. चार दिसांसाठी. बांधतो त्याच्या शेपटीले. त्याचेच केस आहेत."

हिंमतरावांचा अडकित्ता थांबला. "त्याचे होते. आता ते साहेबाची वस्तू आहे."

"साहेब तं आले नाई जी."

"साहेब आले नाई म्हणून साहेबाची वस्तू दुसऱ्याची होते का?" हिंमतराव आनरेरी का होईना, मॅजिस्ट्रेट होते, हा निकाल त्यांनी जागेवरच दिला. "आन् जनावराच्या ढुंगणाले बांधलेली चवरी उद्या साहेबाच्या डोक्यावर फिरवाची? अक्कल आहे का तुले?"

ती चवरी आधीही तिथंच होती, असं गुलाम रसूलच्या तोंडाशी आलं. तीस वर्षांत एवढ्या जवळ काही आलं नव्हतं.

"हाव जी," तो म्हणाला.

दिवस आखडत चालले होते, पण माश्या आखडत नव्हत्या. गुलाम रसूल पागेतच राहू लागला. अमीरबी भाकरी तिथंच आणून देई, आणि तो जेवत असेपर्यंत त्याच्या हातातला दुपट्टा घेऊन तीच हलवत बसे.

"सौत है मेरी," ती म्हणे. "मरते वक्त तो पंखा झलना पडता." मग स्वतःच्याच तोंडावर हात मारी. "तोबा, तोबा. मरते वक्त किसने बोला?"

गुलाम रसूल दरबारीच्या बोंडकाला रोज एरंडेल चोळी. केस वाढले होते. बोटाच्या पेराएवढे. माश्यांचा मोसम संपायला किती दिवस आणि शेपटी वाढायला किती दिवस, हा हिशेब त्यानं केला नव्हता असं नाही. केला होता. पण हिशेब चुकतात, असाही त्याचा अनुभव होता.

दरबारी खात होता. हीच त्या रोगाची थट्टा. तोबरा बांधला की रिकामा करी आणि तरी दिवसेंदिवस फासळ्या वर येत. मग एके सकाळी त्यानं तोबऱ्यातून तोंड काढून घेतलं आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला.

त्या दिवशी हिंमतराव दुसऱ्याच्या बैलगाडीतून मेहकरला बेंचवर गेले. गाडी वेशीबाहेर गेल्यावर अन्नपूर्णाबाई पदराखाली काहीतरी घेऊन पागेत आल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. लाल फडकं होतं. "ते यायच्या आंदी परत पाह्यजे. आन् मूठ काढून ठेवा. चांदी काळी पडली तं मले इचारतीन."

गुलाम रसूलनं फडकं सोडलं. केस तसेच होते, काळेभोर. पेटीतल्या कापराचा वास लागला होता, एवढंच. त्यानं मूठ हलक्या हातानं काढली आणि केसांचा झुबका सुतळीनं बोंडकाला बांधला, नीट, घट्ट, पण टोचणार नाही असा. मग दरबारीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

"घे रे राजा. आली तुही शेपटी. हालव."

दरबारीनं काही वेळ काही केलं नाही. मग मागं काहीतरी वजन आहे, एवढं त्याला कळलं असावं. त्यानं मान थोडी वळवली. बोंडूक उचललं. शेपटी डावीकडे गेली, मांडीवर आपटली, आणि मांडीवरची एक गोमाशी उडाली. गुलाम रसूलनं तिला उडताना पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनीही पाहिलं.

"उडाली व!" त्या एकदम म्हणाल्या.

गोमाशी पागेत एक फेरी मारून आली आणि परत त्याच जागी बसली. शेपटी लोंबत होती. दरबारीनं ती पुन्हा उचलायचा प्रयत्न केला. बुडाशी थोडं थरथरलं. शेपटीला वजन होतं आणि त्याच्यात तेवढा जोर राहिला नव्हता.

"हालव ना रे," गुलाम रसूल म्हणाला. मग आणखी एकदा म्हणाला. मग तो घोड्याच्या मागं गेला, शेपटीचं बोंडूक हातात धरलं आणि ती स्वतःच हलवू लागला. डावीकडे, उजवीकडे, पोटाखाली, परत डावीकडे. दरबारीनं डोळे मिटले. त्याच्या अंगावर दिवसभर माशी बसली नाही. अन्नपूर्णाबाई मधे एकदा पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या. अमीरबी भाकरी घेऊन आली, तशीच उभी राहिली आणि भाकरी तशीच घेऊन परत गेली.

उन्हं उतरली तेव्हा लांबून बैलगाडीचे घुंगरू ऐकू आले. गुलाम रसूलनं सुतळी सोडली, केस पाण्यात बुडवून धुतले, पुसले, मुठीत बसवले. फडकं जसं होतं तसं गुंडाळलं.

दिवाळीच्या आधीच दरबारी गेला. नदीच्या काठी बाभळीखाली खड्डा केला. गावातले जे लोक पायजम्याला हसले होते तेच खणायला आले, आणि त्यांतल्या एकानं माती लोटायच्या आधी आपली घोंगडी घोड्याच्या तोंडावर टाकली. काऊन म्हणून विचारलं तर म्हणाला, "माश्या बसून राह्यल्या." हिंमतरावांनी नालांची आठवण ठेवली होती. घोड्याची नाल शुभ असते. एक त्यांनी उंबऱ्याला ठोकून घेतली.

गुलाम रसूल पागा झाडत राहिला. काढून टाकू असं त्याला कुणी म्हणालं नाही. तू अजून इथं काय करतोस असंही कुणी विचारलं नाही. शेवटी हिंमतरावांनीच मार्ग काढला.

"सईस म्हणून तुह्यं काम सरलं रसूल. पण साहेब येतीन तं चवरी धराले सवयीचा माणूस पाह्यजे."

साहेब पौषात आले. मेहकरहून मोटारीत बसून आले. घोड्यांकडे पाहायची त्यांना आवड नव्हती. अजून अशक्त होते, जाड कोट घातला होता, गळ्याला लोकरी गुंडाळी होती. हिंमतरावांनी हौदाबद्दल छापील भाषण केलं, अर्जुनरावांनी ते इंग्रजीत सांगितलं. हौद आदल्या दिवशी उपसून, स्वच्छ करून पुन्हा भरला होता. साहेबांनी तोटी फिरवली, पाणी आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागं लाल पटका बांधून गुलाम रसूल उभा होता. तो चवरी हलवत होता, डावीकडे, उजवीकडे, आणि खाली पोटाजवळ येईल अशीही एकदा. ही शेवटची फेरी कुणी सांगितलेली नव्हती.

साहेबांनी मान वळवून पाहिलं आणि हा माणूस काय करतो आहे असं विचारलं.

माश्या वारतो, असं अर्जुनरावांनी सांगितलं.

साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हौदावर पाहिलं, लोकांच्या डोक्यांवर पाहिलं, आणि कोटाची कॉलर वर केली.

पौषात माश्या नसतात.